जुन्या धाटणीच्या गिटारीची पाठ बाजूंवर बसत नाही: गोलाई कशी काढावी

आतून आडव्या आधारपट्ट्या चिकटवून तयार झालेली पाठ गिटारीच्या बाजूंवर नुसती ठेवून पाहिली की ती खालच्या रुंद भागावर डुलते आणि कंबरेशी मात्र दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटरची फट राहते. क्लॅम्प आवळले की फट मिटते, म्हणून पाठ तशीच चिकटवली जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात पट्ट्यांची टोके सुटून तार छेडताच आत खडखड ऐकू येते. गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडसा परिसरातल्या एका गावात मी सुतारकाम करतो आणि झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांची वाद्ये दुरुस्तीला येत असल्यामुळे गिटारीच्या कामाकडे वळलो. एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीच्या लहान अंगाच्या गिटारी बनवताना हीच अडचण माझ्यापुढे सलग तीन वाद्यांत आली. तिन्ही वेळा दोष सरसाचा किंवा क्लॅम्पचा नव्हता. पहिल्या दोन वेळा पाठीची गोलाई काढण्यातच चूक होती, आणि तिसऱ्या वेळी लाकडातल्या ओलाव्याने ती बिघडवली. ही कारणे कशी शोधली आणि आता मी ती कशी टाळतो, हे सविस्तर लिहितो.

आधी शब्द ठरवून घेऊ. पाठीच्या एका आडव्या रेषेवर, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतचे सरळ अंतर म्हणजे जीवा, आणि मध्यावर पाठ त्या सरळ रेषेच्या जितकी वर असते तो शर. हे शब्द आपल्याकडच्या गणितात फार जुने आहेत. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत जीवा आणि शर यांवरून व्यास काढण्याची रीत दिलेली आहे: अर्ध्या जीवेचा वर्ग करावा, त्याला शराने भागावे आणि आलेल्या संख्येत तोच शर मिळवावा, म्हणजे वर्तुळाचा व्यास मिळतो. माझ्या आराखड्यातल्या गिटारीची पाठ सर्वांत रुंद जागी ३०० मिमी आहे आणि तिथला शर ४ मिमी आहे. दीडशेचा वर्ग २२,५००, त्याला ४ ने भागून ५,६२५, त्यात ४ मिळवून ५,६२९. हा व्यास, म्हणून त्रिज्या सुमारे २.८१ मीटर. गिटार बनवणारे एकमेकांना जी ‘रेडियस’ विचारतात ती हीच.

पण त्रिज्या आपण मोजत नाही, आपण शर मोजतो आणि त्रिज्या त्यावरून काढतो. मोजमापातली लहानशी चूक या हिशोबात किती फुगते हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नये. ३०० मिमी रुंदीवर शर ४ ऐवजी साडेतीन मोजला गेला तर त्रिज्या ३.२२ मीटर येते, साडेचार मोजला गेला तर २.५० मीटर. कंबरेशी पाठ फक्त १७५ मिमी रुंद आहे आणि त्याच गोलाईने तिथे शर जेमतेम १.३६ मिमी होतो. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर त्रिज्या २.०६ मीटरपासून ४.४५ मीटरपर्यंत कुठेही येऊ शकते, म्हणजे दुपटीहून अधिक फरक. म्हणून कंबरेवरून त्रिज्या काढू नये. काठावरची किनारपट्टी घासून गोल झालेली असते आणि पट्टीचे टोक नेमके कुठे टेकले ते कळत नाही, यामुळेही अर्धा मिलिमीटर सहज हरवतो. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत स्फेरोमीटर, म्हणजे गोल पृष्ठभागाची त्रिज्या मोजण्याचे साधन, हाताळलेला असेल, तर त्याच तत्त्वावर एक साधे माप घरी करता येते: सागवानाच्या सरळ पट्टीला बरोबर २०० मिमी अंतरावर दोन पाय ठोकावेत आणि मध्यावर डायल गेज, म्हणजे सुईने बारीक उंची दाखवणारे माप, बसवावा. डायल गेज नसेल तर दोन पायांवर सरळ पट्टी ठेवून मधल्या फटीत फीलर गेजची पाती किंवा ज्यांची जाडी ठाऊक आहे अशा ड्रिलच्या दांड्या सरकवून, आलेली फट पायांच्या उंचीतून वजा करूनही दशांश मिलिमीटरच्या आसपास पोचता येते. २०० मिमी अंतरावर २.८१ मीटर त्रिज्येचा शर १.७८ मिमी येतो. हेच माप मध्यावर, मग जरा डावीकडे, मग जरा उजवीकडे ठेवून पाहावे. तिन्ही आकडे सारखे आले तरच ती कमान वर्तुळाची आहे. मध्ये जास्त आणि काठांकडे कमी आले तर पट्टीचा मधलाच भाग वाकवलेला आहे, आणि अशा पाठीला एक त्रिज्या देणे व्यर्थ आहे.

माझ्या पहिल्या वाद्यातली चूक याहून मूळची होती. मी १५ फुटी त्रिज्येची तयार डिश, म्हणजे आत खोलगट घासलेला गोल पाट, मागवला होता आणि पाठ व बाजू दोन्ही त्याच्यावर घासल्या. डिशचा पृष्ठभाग गोलाचा तुकडा असतो, त्यामुळे ती आडवी जितकी वाकते तितकीच उभीही वाकते. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर. या त्रिज्येने ३०० मिमी रुंदीवर शर अडीच मिमी मिळतो आणि ४५० मिमी लांबीवर साडेपाच मिमी. माझ्या आराखड्यात मात्र आडवा शर ४ आणि उभा शर ३ होता. म्हणजे डिशने पाठ आडवी चपटी केली आणि उभी गरजेपेक्षा जास्त वाकवली. स्टीलच्या तारांच्या आजच्या गिटारीसाठी ही डिश उत्तम साधन आहे, मीही त्या कामाला ती वापरतो. स्पेनमधल्या अल्मेरियाचे गिटार-कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) किंवा १८३३ मध्ये जर्मनीतून न्यूयॉर्कला गेलेले ख्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन यांच्या काळातली कामाची रीत वेगळी होती: आडवी गोलाई पट्ट्यांतून येई, आणि उभी गोलाई बाजूंची उंची कशी कापली आहे यावरून येई. या दोन गोलाया एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. आराखड्यात ४५० मिमी लांबीवर ३ मिमी शर असेल तर उभी त्रिज्या ८.४४ मीटर होते, आडव्या त्रिज्येच्या तिप्पट. अशा वाद्याची ‘पाठीची रेडियस किती’ असा प्रश्न विचारला तर त्याला एकच उत्तर असू शकत नाही, आणि जो एकच आकडा सांगेल त्याच्यावर विसंबून लाकूड कापू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

डिश बाजूला ठेवल्यावरही दुसऱ्या वाद्यात कंबरेशी फट आलीच. याचे कारण मला आराखड्यातच लिहिलेले सापडले, आणि ते मी छपाईची चूक समजून दुरुस्त करून टाकले होते. बाजूंची खोली त्यात अशी होती: मानेकडच्या ठोकळ्याशी ८० मिमी, वरच्या रुंद भागाशी ८०.८, कंबरेशी ८५, खालच्या रुंद भागाशी ८४.२ आणि तळाच्या ठोकळ्याशी ८८. खोली मानेकडून तळाकडे वाढत जाते, तर कंबरेच्या पुढे ती मध्येच कमी कशी होईल, असा माझा तर्क होता, म्हणून मी ८० पासून ८८ पर्यंत सरळ रेषा मारून बाजू रंध्याने उतरवल्या. वास्तविक आराखडा बरोबर होता. कमानदार पाठीचा काठ मध्यरेषेपासून जितका दूर, तितका तो खाली उतरतो. खालच्या रुंद भागात काठ मध्यरेषेपासून १५० मिमी दूर आहे, तिथे तो ४ मिमी उतरतो. कंबरेशी फक्त साडेसत्याऐंशी मिमी दूर आहे, तिथे १.३६ मिमीच उतरतो. म्हणून कंबरेशी बाजू उंच राहायला हवी आणि रुंद भागांशी खाली जायला हवी. सरळ कापलेल्या बाजूंवर अशी पाठ ठेवली की ती खालच्या रुंद भागावर टेकते, डुलते, आणि कंबरेशी फट दिसते. या लेखाच्या सुरुवातीचे लक्षण ते हेच. ज्यांच्याकडे आता अशी पाठ समोर पडलेली असेल त्यांनी प्रथम आपल्या बाजूंची कड आडवी धरून डोळ्यांच्या रेषेत पाहावी. तिच्यात लाट दिसत नसेल तर पुढचे काही तपासण्याआधीच कारण सापडले.

आणखी एक खबरदारी इथेच सांगून ठेवतो. आराखड्यावर ‘खोली’ लिहिलेली असते तेव्हा ती बाजूवर मोजलेली आहे की पुढच्या फळीपासून पाठीच्या मध्यरेषेपर्यंत मोजलेली आहे, हे पाहिलेच पाहिजे. खालच्या रुंद भागात या दोन मापांत पाठीच्या शराइतका, म्हणजे ४ मिमीचा, फरक पडतो. पुढची फळीही कमानदार असेल तर तिचा शर त्यात मिसळतो.

ही लाट समजली की एक मोठी सोय होते: ज्या जुन्या वाद्याची पाठ खचलेली आहे किंवा ज्याच्या आराखड्यात पाठीची गोलाई दिलेलीच नाही, तिथेही फक्त बाजूंच्या खोलीवरून दोन्ही गोलाया काढता येतात. पाठीचे लाकूड हवेने वर-खाली होते, पण बाजूंची उंची दीडशे वर्षांतही फारशी बदलत नाही, म्हणून माझा विश्वास बाजूंवर जास्त आहे. अट इतकीच की पुढच्या फळीकडची कड सपाट असावी.

रीत अशी. दोन्ही ठोकळ्यांशी असलेल्या खोल्यांना जोडणारी सरळ रेषा काढा आणि प्रत्येक ठिकाणी खरी खोली त्या रेषेच्या किती वर किंवा खाली आहे ते लिहा. माझ्या आराखड्यात कंबर मानेच्या टोकापासून १९० मिमीवर आहे. सरळ रेषेने तिथे ८३.४ मिमी यायला हवे होते, प्रत्यक्षात ८५ आहे, म्हणजे सुमारे १.६ मिमी वर. खालचा रुंद भाग ३३० मिमीवर आहे; रेषेने ८५.९, प्रत्यक्षात ८४.२, म्हणजे जवळजवळ १.७ मिमी खाली. आता मध्यरेषेचा उभा शर आपल्याला ठाऊक नाही असे धरा. उभी कमान मधोमध पूर्ण असते आणि टोकांना शून्य होते; १९० मिमीवर ती पूर्ण शराच्या ०.९८ पट असते आणि ३३० मिमीवर ०.७८ पट. (पट काढण्यासाठी मध्यापासूनच्या अंतराला अर्ध्या लांबीने भागावे, वर्ग करावा आणि तो एकातून वजा करावा. इतक्या उथळ कमानीत वर्तुळ आणि परवलय यांतला फरक लाकडात दिसत नाही.) आडवा उतार रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे रुंद भागाचा उतार एक धरला तर कंबरेचा उतार १७५ भागिले ३०० याचा वर्ग, म्हणजे ०.३४ पट होतो.

यावरून दोन समीकरणे तयार होतात. कंबरेशी: उभ्या शराच्या ०.९८ पटीतून आडव्या शराची ०.३४ पट वजा केली की १.६ यायला हवे. रुंद भागाशी: उभ्या शराच्या ०.७८ पटीतून पूर्ण आडवा शर वजा केला की उणे १.७ यायला हवे. शाळेत शिकवलेल्या रीतीने दोन्ही सोडवली की उभा शर ३ मिमी आणि आडवा शर ४ मिमी येतो. वरचा रुंद भाग आपण हिशोबात वापरला नव्हता, म्हणून तो पडताळ्यासाठी उरतो: तो मानेच्या टोकापासून ८० मिमीवर आणि २३० मिमी रुंद आहे, तिथे उभी कमान १.७५ आणि आडवा उतार २.३५, म्हणजे बाजू रेषेच्या ०.६ मिमी खाली हवी, आराखड्यातले ८०.८ हे ८१.४ पेक्षा नेमके तितकेच कमी आहे. पडताळा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त चुकला तर वरच्या आणि खालच्या पट्ट्यांची कमान वेगवेगळी ठेवलेली आहे असे समजावे. अशा वेळी सरासरी काढू नये, प्रत्येक पट्टीचा शर स्वतंत्र लिहावा.

गणित बरोबर असूनही तिसऱ्या वाद्याची पाठ वैशाखात चपटी झाली आणि आषाढात पुन्हा फुगली. आपल्या भागात हा प्रश्न युरोपात लिहिलेल्या कोणत्याही मार्गदर्शनापेक्षा तीव्र आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आमच्याकडे, वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीला किंवा चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की लाकडातला ओलावा ४ टक्क्यांच्या आसपास उतरतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्याच उघड्या लाकडात तो १६ टक्क्यांच्या वर जातो. शिसवाची फळी उभ्या रेषांची कापलेली असेल तर ओलाव्याच्या दर एका टक्क्यामागे रुंदीत सुमारे ०.१ टक्का आकसते, आडव्या कापाची असेल तर त्याच्या दुपटीने. वार्निशमुळे बदल मंदावतो, म्हणून पाचच टक्क्यांचा फरक धरू: ३०० मिमी रुंद पाठ दीड मिलिमीटर आकसू पाहते. आता ४ मिमी शराच्या कमानीची लांबी तिच्या जीवेपेक्षा किती जास्त असते ते काढून पाहा, फक्त ०.१४ मिमी. ज्या कमानीला उभी राहायला एवढीच जादा लांबी मिळाली आहे, तिच्याकडून उन्हाळा त्याच्या दहा पट मागतो. पट्ट्यांतल्या लाकडाच्या रेषा पाठीच्या रेषांना काटकोनात असतात आणि लाकूड लांबीत फारसे आकसत नाही, म्हणून पट्टीच्या जागी पाठ तगून राहते आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये ती खाली बसते.

यातूनच तपासणीची सोपी खूण मिळते. शर एकदा पट्टीच्या बरोबर वर मोजावा आणि एकदा दोन पट्ट्यांच्या मधोमध. मधला शर कमी असेल तर लाकूड वाळलेले आहे, जास्त असेल तर ओलावलेले आहे, आणि दोन्ही सारखेच कमी असतील तर पट्ट्याच कमी कमानीच्या कापल्या गेल्या आहेत. जुन्या वाद्यावरून माप घेताना ही तपासणी न करता आकडा लिहून घेतला तर आपण कारागिराने ठेवलेल्या गोलाईऐवजी त्या दिवसाच्या हवेची नोंद करतो.

म्हणून पट्ट्या चिकटवण्याचे काम मी आता दिवाळीनंतर सुरू करतो आणि महाशिवरात्रीच्या आत संपवतो. आर्द्रतामापक चिकटवण्याच्या दिवशी ४० ते ५० टक्क्यांत असावा आणि पाठीची फळी त्याआधी निदान दोन आठवडे त्याच खोलीत उभी ठेवलेली असावी. पावसाळ्यात चिकटवणे टाळता येत नसेल तर फळी बल्ब लावलेल्या बंद पेटीत, वजन थांबेपर्यंत वाळवावी. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा यासाठी पुरतो.

पट्टीची कमान आखायला डिश लागत नाही. ३०० मिमीच्या पट्टीवर मध्यापासून ७५ मिमीवर उंची ३ मिमी, ११२.५ मिमीवर १.७५ मिमी आणि टोकाला शून्य; हे बिंदू धारदार पेन्सिलीने जोडून रंध्याने उतरवावे. हेच माप मध्यापासून तेवढ्याच अंतरावर कंबरेच्या पट्टीलाही लागते, फक्त ती आखूड असल्याने कमानीचा मधलाच तुकडा वापरला जातो. चिकटवल्यावर फळी थोडी सरळ होऊ पाहते, म्हणून ४ मिमी हवे असतील तिथे मी साडेचार कापतो. अडीच मिमी जाडीच्या शिसवी फळीला माझ्या अनुभवात एवढे पुरते, जाड फळीला जास्त लागेल. दाब देण्यासाठी बांबूच्या कामट्या छतपट्टी आणि पट्टी यांच्यामध्ये वाकवून अडकवतो. गडचिरोलीच्या बांबूची कामटी यासाठी फायबरच्या विकतच्या दांडीहून कुठेही कमी नाही. खाली सपाट पाटाऐवजी त्याच कमानीचा खोलगट साचा हवा, नाही तर कामट्यांचा दाबच कमान मारतो.

बाजू उतरवताना एका बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत पोचेल अशी, २.८१ मीटर त्रिज्येने खालून खोलगट केलेली पट्टी घ्यावी, तिला ८० नंबरचा सँडपेपर चिकटवावा आणि ती दोन्ही बाजूंवर टेकवून मध्यरेषेला कायम काटकोनात ठेवत सरकवावी. काटकोन सुटला की काठाचा कोन चुकतो. आधी पाच ठिकाणच्या खोल्यांच्या खुणा बाजूंवर करून त्या रेषेच्या अर्धा मिमी वरपर्यंत रंध्याने आणावे, बाकीचे या पट्टीने. पाठ नंतर बोटांच्या दाबाने सगळीकडे टेकली पाहिजे. क्लॅम्पची गरज फक्त सरस धरेपर्यंत असावी.

पाठ आधीच जबरदस्तीने चिकटवलेली असेल आणि पट्टीची टोके सुटलेली असतील, तर आरसा आणि छोटा दिवा आत घालून आधी कंबरेजवळच्या पट्ट्या पाहाव्यात. तिथेच ताण सर्वाधिक असतो. फक्त टोक पुन्हा सरसाने बसवणे हा वर्षभराचा उपाय आहे. फट दोन मिमीहून मोठी होती हे आठवत असेल तर पाठ गरम केलेल्या पातळ सुरीने सोडवून बाजूच दुरुस्त करणे योग्य. जिथे बाजू कमी पडते तिथे आतल्या अस्तरपट्टीवर आणि बाजूच्या काठावर त्याच लाकडाची पातळ चीप चिकटवून मग उतरवावे. उन्हाळ्यात असे वाद्य दुरुस्तीला आले तर ते कोणत्या खोलीत टांगलेले असते हे मी आधी विचारतो. वाळ्याच्या कूलरच्या झोतासमोर भिंतीला टांगलेल्या गिटारीची पाठ फुगलेली असते आणि कूलर नसलेल्या खोलीतली बसलेली असते, त्यामुळे आठवडाभर वाद्य मधल्या हवेत ठेवल्याशिवाय मी त्यावर कोणतेही माप घेत नाही. आणि नव्या प्रत्येक वाद्याच्या पाठीवर आतून, आवाजाच्या छिद्रातून वाचता येईल अशा जागी, पट्ट्या चिकटवल्याची तारीख, त्या दिवशीची आर्द्रता आणि प्रत्येक पट्टीवरचा शर पेन्सिलीने लिहून ठेवतो.